वाद आणि अडकलेपणा: आयकिडो की ज्युदो?

वाद किंवा मनाचा अडकलेपणा हाताळण्याचे धडे शरीराच्या हालचालींतून घ्यायचे असतील, तर जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही प्रशिक्षणशाळा स्थापून उभा केलेला ज्युदो आणि मोरिहेई उएशिबा यांनी विसाव्या शतकात घडवलेला आयकिडो, या दोन जपानी कलांची तुलना उपयोगी ठरते.

आयकिडोत कोणी मनगट घट्ट पकडले, तर हात हिसकावून घ्यायचा नसतो. तो आहे तिथेच ठेवून, पाय आणि कंबर वळवून, समोरच्याच्या शेजारी, तो पाहतो त्याच दिशेला तोंड करून उभे राहायचे असते. ‘तेनकान’ नावाच्या या हालचालीत पकड सुटत नाही, पण समोरासमोरची ओढाताण संपते, आणि आपली जागा न सोडता दुसऱ्याच्या बाजूने पाहण्याचा इतका नेमका सराव अन्यत्र क्वचितच मिळतो. उणीव एवढीच, की बहुतेक शाखांत स्पर्धा नसतात आणि जोडीदाराचा हल्ला ठरलेला असतो, त्यामुळे खऱ्या विरोधाची धग लागत नाही.

ज्युदोतील रांदोरीत, म्हणजे मुक्त लढतीच्या सरावात, ती लागते, कारण तिथे प्रतिस्पर्धी खरोखरच पाडायला बघतो. ताठ उभा राहून नुसता जोर लावणारा लवकर दमतो. पावले टाकत राहणाऱ्याला तोल ढळवण्याची संधी सापडते. इजा न होता पडायला दोन्हींत शिकवतात.

माझ्या मते, चटकन हमरीतुमरीवर येणाऱ्याने आयकिडो निवडावा आणि हरण्याच्या भीतीने थिजलेल्याने ज्युदो. मारहाण सोसणाऱ्याने मात्र आधी कायद्याची मदत घ्यावी.