व्हॉसव्ह्यूअर : हरित वित्ताच्या संशोधनाचा नकाशा काढणारी प्रणाली

हरित वित्तावर, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी पैसा उभा करण्याच्या व्यवहारावर, प्रबंध लिहिणाऱ्यांना पूर्वसंशोधनाच्या आढाव्यासाठी व्हॉसव्ह्यूअर ही संगणकप्रणाली मी जरूर सुचवीन, पण सरसकट नाही. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात तयार झालेली ही प्रणाली विनामूल्य मिळते. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या माहितीसंचांवरून उतरवून घेतलेली शोधनिबंधांची यादी तिला दिली, की कोणते कीवर्ड कितीदा एकत्र येतात हे मोजून ती वर्तुळांचा आणि रेषांचा नकाशा मांडते.

तिची सर्वांत उपयोगी सोय म्हणजे काळानुसार रंग देणारे ओव्हरले दृश्य. त्यात जुने विषय निळसर, तर अलीकडचे पिवळे दिसतात. युरोपीय गुंतवणूक बँकेने २००७ मध्ये आणि जागतिक बँकेने २००८ मध्ये हरित रोखे (ग्रीन बॉण्ड), म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे, काढले असले, तरी अभ्यासकांचा ओघ या विषयाकडे वळला तो मुख्यतः २०१५ च्या पॅरिस करारानंतर, आणि हे वळण या दृश्यात चटकन लक्षात येते. चीनचे वर्तुळ त्यात ठळक दिसते, पण त्यामागचे कारण प्रणाली सांगत नाही. २०१७ मध्ये चीनने पाच प्रांतांत हरित वित्ताची प्रायोगिक क्षेत्रे जाहीर केली, त्यामुळे निवडलेल्या आणि वगळलेल्या प्रदेशांची आधीची व नंतरची स्थिती ताडून पाहण्याची आयती सोय संशोधकांना झाली. हे कळण्यासाठी निबंधच वाचावे लागतात, आणि नेमके तेच टाळून नुसता रंगीत नकाशा प्रबंधात चिकटवण्याची खोड आपल्याकडे वाढते आहे.

खरी मेहनत कीवर्ड एकसारखे करण्यात आहे. ‘ग्रीन बॉण्ड’ आणि ‘ग्रीन बॉण्ड्स’ यांना प्रणाली दोन निराळे विषय समजते. ते टाळण्यासाठी दोन रकान्यांची थिसॉरस फाइल हाताने करावी लागते : एकात मूळ शब्द, दुसऱ्यात त्याऐवजी घ्यायचा शब्द. शिवाय किमान पाच वेळा आलेलेच कीवर्ड घ्यावेत, अशी मर्यादा आधीपासून लावलेली असते. भारताचे सार्वभौम, म्हणजे खुद्द सरकारने काढलेले, हरित रोखे जानेवारी २०२३ मध्येच आले, तेव्हा भारतापुरता छोटा संच तपासणाऱ्याने ही मर्यादा खाली आणावी, नाहीतर नवे विषय गळून पडतील.

स्कोपसची वर्गणी महाविद्यालयाला परवडत नसल्यास ओपनअ‍ॅलेक्सची मोफत माहितीही या प्रणालीला चालते.