सहकारनगरचं क्रिकेट संग्रहालय: वेळ काढून बघा

पुण्यात सहकारनगरमधलं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' क्रिकेटवेड्यांनी चुकवू नये. २०१२ मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते उद्घाटन झालेलं हे संग्रहालय भरवस्तीत आहे. बॅटी, जर्सी, चेंडू आणि सह्याच सह्या!

भाच्याला घेऊन गेले होते. त्याचा सगळा जीव विराटच्या वस्तूंत. माझा पाय मात्र विश्वचषक जिंकलेल्या संघांच्या सह्या असलेल्या बॅटींपासून हलेना. नाव ओळखू येईपर्यंत एकेक सही वाचत बसले. १९८३ ची फायनल भाच्याला तिथेच सांगितली: आपल्या जेमतेम १८३, आणि विंडीज १४० मध्ये ऑलआउट.

"मावशी, साठ ओव्हरमध्ये फक्त १८३?"

हो रे बाबा, तेव्हा विश्वचषकात साठ ओव्हरचीच मॅच असायची! आणि बॅटीही वेगळ्या, कडेला बारीक. पुढे त्या इतक्या जाड झाल्या की २०१७ मध्ये कडेला ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. मुलांना हे जरूर दाखवा.

जाण्याआधी पुण्याचं क्रिकेटही त्यांच्या कानावर घाला. महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यातच रणजी सामन्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ धावांचा विक्रम अगदी टप्प्यात असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. अजूनही चीड येते मला! १९९६ च्या विश्वचषकात केनियाने विंडीजला ९३ धावांत गुंडाळलं, तेही आपल्या नेहरू स्टेडियमवर.

घाईत उरकू नका, दीड-दोन तास ठेवा. घरात जुन्या मॅचच्या आठवणी सांगणारे आजोबा असतील, तर त्यांना आधी न्या.