फिजाचं ज्यूरी-हक्क पत्रक: मजकूर चोख, पण वाटताना जागा सांभाळा (५ पैकी ४)

अमेरिकेतल्या ‘फुली इन्फॉर्म्ड ज्यूरी असोसिएशन’चं, म्हणजे फिजाचं हे घडीपत्रक कोर्टांबाहेर वाटलं जातं. ‘खरं की खोटं’ अशा प्रश्नांतून ते एकच मुद्दा ठसवतं: कायदाच अन्यायाचा वाटला, तर पुरावा असतानाही ज्यूरर (ज्यूरीत बसलेला नागरिक) ‘निर्दोष’ म्हणू शकतो आणि त्या मतासाठी त्याला शिक्षा होत नाही. हे खरंच आहे. लंडनच्या १६७० च्या बुशेल खटल्यापासून ते पक्कं झालंय. नानावटी खटला आठवणाऱ्यांनी मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. मुंबईत १९५९ मध्ये ज्यूरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोष कौल दिला, सेशन्स जज्जांनी तो न मानता प्रकरण हायकोर्टात पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. अमेरिकेत निर्दोष ठरल्यावर सरकारला अपीलच नाही.

तरी एवढ्या एका पत्रकाच्या भरवशावर ज्यूरीत बसू नका. स्पार्फ खटल्यापासून (१८९५) फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टांच्या न्यायाधीशांवर हा अधिकार ज्यूरीला सांगायचं बंधन नाही. निवडीच्या वेळी ‘मी सांगेन तो कायदा पाळाल ना?’ असं विचारतात. ‘नाही’ म्हटलंत की बहुधा घरी पाठवतात, आणि शपथेवर खोटं बोललात तर तो वेगळा गुन्हा.

वाटणाऱ्यांना जोखीम जास्त. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमध्ये २०१५ साली अशी पत्रकं वाटणाऱ्या दोघांना अटक झाली. विशिष्ट खटल्यातलं मत वळवायचा प्रयत्न असेल तरच गुन्हा, असं कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते २०१९ मध्ये. मिशिगनच्या बिग रॅपिड्समध्ये २०१५ मध्येच पत्रकं वाटणारा एक जण २०१७ मध्ये दोषी ठरला आणि २०२० मध्ये सुटला, कारण पत्रक घेणाऱ्यांना ज्यूरीसाठी हजर राहायचं नुसतं समन्स होतं. ते कुठल्या खटल्यावर बसलेच नव्हते. सुटले सगळे, पण चार-पाच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून!

म्हणून सार्वजनिक फुटपाथवरच उभं राहा. वॉशिंग्टन शहरातल्या अमेरिकी सुप्रीम कोर्टाबाहेरचा फुटपाथ १९८३ च्या निकालाने मोकळा झाला, पण कोर्टासमोरच्या प्लाझावरची बंदी २०१५ मध्येही अपिलात टिकली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पत्रक द्या, ज्यूररचा बिल्ला बघून माणसं निवडू नका. खटल्याचं किंवा आरोपीचं नाव तोंडी नको, फलकावरही नको. फेडरल कोर्टाजवळ ज्यूररवर प्रभाव टाकायच्या हेतूने निदर्शनं केली तर १ वर्षापर्यंत कैद आहे. आणि कोलोरॅडोचा निकाल न्यू जर्सीत चालेल असं धरू नका. आपल्या राज्याचं कलम आधी वाचा.