सिम्युलेटर की उडतं यंत्र?

अपोलो ११ च्या चंद्रावतरणाची तयारी दोन वाटांनी झाली. पहिली वाट बंद खोलीतली. ल्युनार मॉड्यूलच्या, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या, सिम्युलेटरमध्ये खिडकीबाहेर चंद्रभूमी दिसायची, ती प्रतिकृतीवरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याची किमया. इथे हवे तितके बिघाड घडवता येत, आणि चुकलं तरी जिवाला धोका नाही. उड्डाणाच्या काही दिवस आधीच्या सरावात संगणकाचा १२०१ अलार्म (कामाचा ताण जास्त झाल्याची सूचना) मुद्दाम वाजवला गेला आणि नियंत्रण कक्षाने सरावातलं अवतरण रद्द केलं. निर्णय चुकीचा होता, उतरत राहता आलं असतं. मग प्रत्येक अलार्मला काय करायचं याची यादी हाताने लिहून काढली गेली. २० जुलै १९६९ ला खरोखरच त्याच जातीचा १२०२ वाजला, तेव्हा उत्तर तयार होतं!

दुसरी वाट ह्यूस्टनजवळच्या एलिंग्टन तळावर, उघड्या आभाळाखाली: चंद्रावर उतरण्याचा सराव देणारं, खरोखर उडणारं यंत्र. चंद्रावर वजन एक षष्ठांशच भरतं, म्हणून उभ्या जेट इंजिनाने यंत्राचं पाच षष्ठांश वजन पेलायचं, उरलेलं वैमानिकाने सांभाळायचं. ६ मे १९६८ ला नियंत्रण सुटलं आणि नील आर्मस्ट्राँग जेमतेम ६० मीटर उंचीवरून इजेक्ट झाले, म्हणजे आसनासकट बाहेर फेकले गेले. यंत्र जळून खाक. अशा पाचपैकी तीन यंत्रं कोसळली.

तरीही शेवटच्या काही मीटरसाठी मी उडत्या यंत्रालाच कौल देईन. चंद्रावर यान पुढे जायला बरंच कलवावं लागतं आणि थांबवायला तितकंच उलट. हे अंगात भिनायला शरीर हवेत असावंच लागतं. आर्मस्ट्राँग स्वतः पुन्हा त्यात बसले, उड्डाणाच्या महिनाभर आधीपर्यंत.