‘डाय’ लिहावं की ‘पेरिश’?

इंग्रजीत काही लिहिताना ‘मेले’ या अर्थाचा शब्द हवा असतो, ‘डाय’ अगदीच साधं वाटतं आणि हात ‘पेरिश’कडे जातो. पण आजोबा ‘पेरिश’ झाले असं लिहिलंत, तर वाचणारा विचारेल, पूर आला होता की बोट बुडाली?

‘डाय’ बहुधा नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या लोकांकडून इंग्रजीत आलं. त्याआधी तिथे मरण्याला ‘स्टेओर्फान’ म्हणत. तोच शब्द झिजून ‘स्टार्व’ झाला आणि उपासमारीपुरता उरला; त्याचा जर्मन भाऊबंद ‘श्टेर्बेन’ मात्र अजून साधं मरणच सांगतो. आजार, म्हातारपण, सुकलेलं रोप, फोनची बॅटरी, सगळीकडे ‘डाय’ चालतं. घरच्या माणसाबद्दल लिहायचं असेल तर मी डोळे मिटून हेच घेईन.

‘पेरिश’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलं. लॅटिन ‘पेरीरे’मध्ये ‘पेर’ म्हणजे आरपार आणि ‘ईरे’ म्हणजे जाणं. पार निघून जाणं, हरवणं. आपणही ‘ते गेले’ असंच म्हणतो की! हा ‘ईरे’ आणि संस्कृतातला ‘इ’ धातू एकाच मुळाचे, आणि त्याच ‘इ’ला ‘प्र’ लागून ‘प्रेत’ झालं: पुढे निघून गेलेला. हे कळल्यापासून ‘पेरिश’ मला परका वाटत नाही.

नाहीसं होण्याची ही छटा शब्दाला अजून चिकटून आहे. 1863 साली अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष लिंकन म्हणाले की लोकांचं सरकार पृथ्वीवरून ‘पेरिश’ होणार नाही. तिथे ‘डाय’ घालून पाहा, ‘पृथ्वीवरून’ लोंबकळत राहतं. म्हणूनच आगीत, भूकंपात, जहाजासोबत माणसं ‘पेरिश’ होतात. कर्करोगाने मात्र ‘डाय’. ब्रिटनमध्ये थंडीने गारठलेला धडधाकट माणूसही स्वतःला ‘पेरिश्ड’ म्हणवतो, ते मनावर घेऊ नका.

वस्तूंच्या बाबतीत गोंधळ जास्त. कुकरची रिंग जुनी होऊन कडक पडते, तिला चिरा जातात. ती कुजत नाही, सडत नाही. रबराच्या या गतीला ब्रिटिश इंग्रजीत ‘पेरिश’च म्हणतात. दूध, भाजी, मासळी ‘पेरिशेबल’, म्हणजे नाशवंत. पण भाजी खरोखर सडून वास मारू लागली की ‘रॉट’ लिहा. तो जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द आहे आणि त्याला तो वास शोभतो.

सडण्या-झिजण्यासाठी आणखी एक शब्द आहे, ‘डिके’; त्याच्या पोटात लॅटिनचं ‘पडणं’ आहे. तो सावकाश चालतो: किडणारा दात, ढासळणारा वाडा, कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनचा क्षय, ज्यात निम्मे अणू उरायला सुमारे 5,730 वर्षं लागतात. तिथे ‘रॉट’ लिहिलंत तर प्रयोगशाळेतले लोक हसतील.