फॅन नसलेला अडीच गिगचा स्विच, आठ महिने वापरून

स्विच म्हणजे घरातले कॉम्प्युटर वगैरे केबलने एकमेकांना जोडणारा डबा, आणि अडीच गिग म्हणजे त्याच्या प्रत्येक पोर्टचा स्पीड, सेकंदाला अडीच गिगाबिट. आधी आवाजाचं बोलतो, कारण माझी पहिली खरेदी आवाजामुळेच वाया गेली. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना रॅकवाला स्विच घेतला होता, पोर्ट भरपूर, त्यात दहा गिगचे चार, आणि नव्या घरगुती स्विचपेक्षा स्वस्त. चालू केल्यावर कळलं की ४० मिलिमीटरचे ते बारके फॅन किती ओरडतात. मोठा फॅन नुसता घोंघावतो, त्याची सवय होते, पण छोट्या फॅनला तेवढीच हवा फेकायला प्रचंड वेगाने फिरावं लागतं आणि त्याची जी बारीक शिट्टी येते ती दार लावलं तरी पलीकडच्या खोलीत ऐकू येते. शांत फॅन आणून बसवले तर ते हळू फिरतात म्हणून स्विचला वाटलं फॅन बंद पडला, लाल दिवा लागला तो लागलाच. वर वीज मोजली तर काही काम नसतानाही पन्नास वॅटच्या आसपास, आणि ही वस्तू चोवीस तास चालू राहणार. महिन्याभरात काढून टाकला.

मग ठरवलं की फॅन नसलेलाच घ्यायचा. इथे एक नीट बघा, बॉक्सवर 'शांत' लिहिलेलं असणं आणि आत फॅनच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही स्विच गार असेपर्यंत गप्प असतात आणि तापले की फॅन सुरू करतात, म्हणजे नेमकं रात्री बॅकअप चालू असताना. मी घेतला तो आठ पोर्ट अडीच गिगचे आणि एक एसएफपी प्लस (वेगळं मॉड्यूल किंवा खास केबल घालायची खाच) दहा गिगचा, धातूच्या बॉडीचा, कारण फॅन नसला की ती बॉडीच उष्णता बाहेर टाकते. झाकून किंवा दुसऱ्या डब्यावर ठेवू नका. माझा पहिले काही दिवस राउटरच्या वर होता, दोघंही तापले. आता भिंतीला उभा लावलाय, चारही बाजूंनी हवा मिळते.

दहा गिगचेच सगळे पोर्ट का नाही घेतले? तांब्याच्या केबलवर दहा गिग चालवायला चिपला खूप वीज लागते, वीज म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे पुन्हा फॅन. अडीच गिगचं गणित वेगळं आहे. त्याचं स्टँडर्ड, ८०२.३बीझेड, २०१६ साली आलं आणि ते बनवलंच होतं भिंतीतल्या जुन्या केबलवर जास्त स्पीड मिळावा म्हणून. कॅट ५ई, म्हणजे त्या जुन्या साध्या नेटवर्क केबलवर अडीच गिग पूर्ण १०० मीटर चालतं. मी एकही केबल न बदलता सुरुवात केली.

आकडे सांगतो. आयपर्फ या नेटवर्कचा स्पीड मोजायच्या प्रोग्रामवर आधी ९४१ मेगाबिट यायचे, आता २.३५ गिगाबिट येतात, दोन्ही जवळपास लाइनच्या कमालीचे आहेत, म्हणजे स्विच कुठे अडवत नाही. खऱ्या कामात, ६० जीबीची व्हिडिओ फाइल नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेला फाइली साठवायचा डबा) टाकायला आधी नऊ मिनिटं लागायची, सेकंदाला ११२ एमबीच्या आसपास, आता साडेतीन मिनिटांत होतं. पण हजारो छोट्या फोटोंचा फोल्डर टाकला तर फरक फारसा जाणवत नाही, तिथे वेळ प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यात जातो, केबल नुसती रिकामी बसते. हे आधी माहीत असू द्या म्हणजे नंतर स्विचला दोष दिला जाणार नाही.

तसा दोष मीही एकदा दिला. दुसऱ्या महिन्यात एक कॉम्प्युटर अचानक १०० मेगाबिटवर आला. स्विच रीस्टार्ट केला, पोर्ट बदलला, ड्रायव्हर बदलला, एक अख्खी संध्याकाळ गेली आणि शेवटी टेबलाच्या पायाखाली केबल चेमटलेली सापडली. एक गिग किंवा त्याच्या वर जायला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात, त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली की नेट बंद पडत नाही, फक्त गुपचूप खाली येतं. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा प्रत्येक पोर्टचा लिंक स्पीड बघतो.

आता मुख्य तक्रार, तिसऱ्या महिन्यातली. नॅसमध्ये दहा गिगचं तांब्याच्या पोर्टचं कार्ड होतं म्हणून एसएफपी प्लसमध्ये आरजे-४५ चं, म्हणजे साधी नेटवर्क केबल लावता येईल असं मॉड्यूल घातलं. मॉड्यूल इतकं तापायचं की हात टिकत नव्हता, आणि लांबलचक कॉपी चालू असताना लिंक तुटायची, परत जोडली जायची. पूर्ण स्विच सहा वॅटच्या आत चालतो आणि हे एकटं मॉड्यूल अडीच वॅट खायचं, तेही एवढ्याशा जागेत. शेवटी नॅसमध्ये एसएफपी प्लसचंच वापरलेलं कार्ड टाकलं आणि मध्ये एक मीटरची डॅक केबल, दोन्ही टोकांना प्लग आधीच लावलेली येते ती. त्या दिवसापासून एकदाही लिंक पडलेली नाही आणि तो कोपरा कोमट सुद्धा लागत नाही. नॅस स्विचशेजारी असेल तर सरळ डॅकच घ्या. आणि जुनी तांब्याची दहा गिगची कार्डं घेताना सांभाळा, २०१६ च्या आधीची बरीचशी अडीच गिग ओळखतच नाहीत, अडीचच्या पोर्टला लावली की थेट एक गिगवर येतात.

तो एकच दहा गिगचा पोर्ट मात्र सोन्यासारखा आहे. नॅसला तो दिला की दोन जण एकाच वेळी मोठ्या फाइली ओढत असले तरी दोघांनाही पूर्ण अडीच मिळतात, अट एवढीच की नॅसमध्ये एसएसडी हवी, एकट्या हार्डडिस्कचा दम त्याआधीच संपतो.

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा घेतला, कारण पाहुण्यांचं वायफाय आणि कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर बाकीच्यांपासून तोडलेलं नेटवर्क) ठेवायचे होते. सेटिंग पान साधंसुधं आहे, चालतं. पण 'अप्लाय' आणि 'सेव्ह' ही दोन वेगळी बटणं आहेत, मी फक्त अप्लाय करत होतो, वीज गेली आणि सगळे व्हीलॅन पुसले गेले, कॅमेरे थेट घरच्या नेटवर्कात. आता बदल केला की सेव्ह, आणि सेटिंगची फाइल वेगळी उतरवून ठेवतो. पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला. व्हीलॅन नको असतील तर अनमॅनेज्ड घ्या, तो आणखी स्वस्त पडतो आणि स्पीडमध्ये काही फरक नाही.

पोर्ट किती हवेत हे मोजताना टीव्ही, प्रिंटर यांना धरू नका, बहुतेक टीव्हींमध्ये अजून १०० मेगाबिटचाच पोर्ट असतो. ते सगळे मी जुन्या एक गिगच्या पाच पोर्टच्या स्विचवर टाकलेत आणि तो नव्याच्या एका पोर्टला जोडलाय. खरा अडीच गिग लागतो दोन कॉम्प्युटर, वायफायचा ॲक्सेस पॉइंट आणि राउटर यांना. म्हणजे माझे आठातले पाच भरलेत, तीन रिकामे आहेत.

बारीकसारीक म्हणाल तर दिवे फार प्रखर आहेत, काळी टेप लावली. ॲडॉप्टरमधून किंचित गुणगुण येते, पण कान जवळ नेला तरच. हा स्विच झोपायच्या खोलीत आहे, आणि आता रात्री त्या खोलीत सगळ्यात जास्त आवाज नॅसच्या डिस्कचा येतो, तर पुढचं काम ते.