गुडघ्यासाठी हळदीची कॅप्सूल की शल्लकी?

सांगलीत राहून हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्याला नावं ठेवणं. त्यात आमच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. तरी ओळखीतलं कोणी विचारलं, की गुडघ्यासाठी कर्क्युमिनची, म्हणजे हळदीतल्या मुख्य औषधी द्रव्याची, कॅप्सूल घेऊ की शल्लकी, म्हणजे सालईच्या झाडाचा डिंक, तर माझी जीभ हल्ली शल्लकीकडेच वळते. दोन्ही घेऊन पाहिलंय, म्हणून बोलतो.

हे झिजेच्या गुडघ्याबद्दल आहे. एक्सरे झालाय, ऑपरेशनला अजून वेळ आहे, आणि रोज वेदनाशामक गोळी घ्यायची तर पोटाची नि किडनीची धास्ती वाटते, अशांसाठी. आमवात असेल तर ही तुलना बाजूलाच ठेवा. तिथे या दोन्हींच्या भरवशावर डॉक्टरांची औषधं सोडायची नसतात.

‘आम्ही तर रोज हळदीचं दूध पितो’ म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. साध्या हळदीत कर्क्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास असतं. ५०० मिलिग्रॅमच्या, ९५ टक्केवाल्या एका कॅप्सूलइतकं हवं तर जवळपास १५ ग्रॅम हळद पोटात जायला हवी, म्हणजे चहाचे पाच चमचे. दूध जरूर प्या, पण गुडघ्याला त्यातून फारसं काही पोचत नाही.

कॅप्सूलचं तसं नाही, तिच्यात दम आहे. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत हळदीचा अर्क चार आठवड्यांत आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला. गोची आहे ती पचनात. कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं. आतडं आणि यकृत त्याला आल्या पावली बाहेर काढतात. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे काळ्या मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं आणि रक्तातलं प्रमाण सुमारे २० पट झालं. म्हणून बाजारातल्या कितीतरी कॅप्सूलांत मिरी असते.

मला नडली ती ही मिरी. जेवणानंतर कॅप्सूल घेतली की तासाभरात छातीच्या मधोमध निखारा. पहिला संशय अर्थातच खर्ड्यावर. तो बंद केला. मग रात्रीची कॅप्सूल दुपारवर आणली, तूप-भातावर घेऊन पाहिली. करपट ढेकर काही हटेनात. गुडघा जरा हलका झाला होता, नाही म्हणत नाही, पण उशाशी ॲसिडिटीची गोळी आली. एक गोळी टाळायला दुसरी, हे काही पटेना. घरातून शेरा आला, ‘अहो, गुडघ्यातलं दुखणं छातीत आणून ठेवलंत की!’

सगळ्यांना असं होत असेल असं नाही. माझं पोट मुळात नाजूक. पण मिरीचा प्रश्न तेवढाच नाही. हळदीसाठी ती यकृताचं काम जसं धीमं करते, तसं दुसऱ्या औषधांच्या बाबतीतही करू शकते. फिटच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय हात लावू नका. पित्ताशयात खडे असतील तर हळदीच्या कॅप्सूलचा नादच नको. क्वचित यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत, डोळे पिवळे दिसले तर लगेच थांबवायचं. बिनमिरीच्या, वेगळ्या पद्धतीने बनवलेल्या कॅप्सूल मिळतात, पण त्यांची किंमत खिशाला चटका लावते.

आता शल्लकी. सालईचं झाड विदर्भ-मध्य प्रदेशाच्या कोरड्या डोंगरांवर आढळतं. त्याच्या डिंकातली बॉस्वेलिक आम्लं सूज वाढवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतात. नागपूरला गुडघ्याच्या ३० रुग्णांवर झालेली चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालणं वाढलं. एक्सरे मात्र होता तसाच राहिला. ३० ही काही मोठी संख्या नव्हे, आणि झीज भरून निघते असं कोणी सांगत असेल तर ते सोडून द्या.

खोडी हिच्यातही आहेत. बाटली उघडली की धुपाचा वास, गोळी चुकून जिभेवर रेंगाळली तर कडूजहर. दिवसातून दोन-तीनदा घ्यायची, त्यात दुपारची हमखास राहते. सुरुवातीला पोट थोडं ढिलं झालं, मग सावरलं. शिवाय कामाला संथ. पहिल्या पंधरवड्यात मला काहीच जाणवलं नव्हतं. आता आमराईतल्या फेरीनंतर बाकावरून उठताना गुडघ्यावर हात टेकायची वेळ क्वचितच येते. त्याच काळात थोडं वजनही उतरलं, त्यामुळे सगळं श्रेय डिंकाला देत नाही. पण छाती शांत आहे, आणि रोज घ्यायच्या गोष्टीत मला तेच मोठं वाटतं.

तुमचं पोट दणकट असेल, दुसरं औषध काही चालू नसेल, तर आधी हळद घेऊन बघायला हरकत नाही. कोणतीही घ्या, डॉक्टरांना सांगून, आणि दोन महिन्यांत फरक नसेल तर बंद. शल्लकी घ्यायची ठरलीच तर गणपती पेठेत सुटा मिळणारा डिंक नको, त्याची मात्रा कोण मोजणार? बाटलीच घ्या. बॉस्वेलिक आम्ल किती टक्के ते लेबलवर लिहिलेलं नसेल तर मी ती फळीवर परत ठेवतो.